शाळा दाखवणाऱ्या शिकलगार बाई

शिकलगार बाई रिकाम्या वर्गात शिरण्याआधी दारावर टकटक करायच्या. बोटाच्या पेरानं, हलकेच. मग जरा थांबायच्या आणि कडी काढून आत जायच्या. मी नवीन होतो. बाईंकडून प्रयोगशाळेच्या किल्ल्या घ्यायला वरच्या मजल्यावर गेलो होतो, तेव्हा हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. बाईंनी आत जाऊन खिडक्या उघडल्या, बाकांच्या मधून एक चक्कर मारली आणि बाहेर येऊन पुढच्या दारावर टकटक केली. मी विचारलं, "बाई, आत कोण आहे?" त्या म्हणाल्या, "कोण न्हाय. पण म्हणून काय धाडकन घुसायचं व्हय?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पोरांचं तर ठाम मत होतं की बाईंना भुतं दिसतात, आणि बाईंनी ते मत कधी खोडून काढलं नाही, कारण त्यामुळे मधल्या सुट्टीत वरच्या मजल्यावर कुणी दंगा करायला जात नसे.

आमचं हायस्कूल राजारामपुरीच्या पलीकडं, शहर जिथं दमून शेतात उतरायला लागतं त्या उपनगरात. कारखान्यांतले कामगार, दूधवाले, गवंडी, रिक्षावाले अशांनी गुंठा-गुंठा घेऊन घरं बांधली आणि पोरांसाठी शाळा हवी म्हणून एका संस्थेनं ही दुमजली इमारत उभी केली. एकेकाळी इथं दोन पाळ्यांत शाळा भरायची, एकेका इयत्तेच्या अ, ब, क तुकड्या असायच्या आणि प्रवेशासाठी नगरसेवकाची चिठ्ठी आणावी लागायची. मी आलो तोवर एकेक तुकडी उरली होती. वरचा मजला पूर्ण मोकळा. इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसेस सकाळी आमच्याच फाटकासमोर थांबायच्या, कारण वळायला तिथंच जागा होती. आमच्या गल्लीतली टायवाली पोरं आमच्या फाटकाला टेकून त्या बसची वाट बघायची. प्रार्थनेला उभं राहिलं की ते सगळं समोर दिसायचं, आणि हात जोडलेले असल्यामुळे डोळे मिटून घेण्याची सोय होती.

बाई मराठी आणि इतिहास शिकवायच्या आणि पर्यवेक्षिका होत्या. उंच, हडकुळ्या, अंगावर कायम सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट बघून नवे पालक गोंधळायचे. "दिवसभर जिने चढायचे असत्यात मला, चपला तग धरत न्हाईत," असं त्या सांगायच्या. त्यांचे वडील सायकलला सहाण बसवून गल्लोगल्ली सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरायचे. बाई याच शाळेत शिकल्या, इथंच नोकरीला लागल्या. लग्न केलं नाही. घरी थकलेली आई होती, ती गेली आणि मग शाळाच उरली. माझं गाव आजरा तालुक्यात, म्हणून मला त्या 'आजरेकर' म्हणायच्या. सुट्टीहून आलो की पहिला प्रश्न, "काय आजरेकर, काजू आणल्यात की नुसतंच तोंड घिऊन आलाईसा?"

कुणीही पालक चुकून चौकशीला आला की बाई उठायच्या आणि म्हणायच्या, "चला, शाळा दाखवते." ही त्यांची खास करमणूक होती असं आम्ही शिक्षक म्हणायचो. पालकाला फक्त फी नाही ना आणि गणवेश मिळतो का एवढंच विचारायचं असायचं. बाई त्याला मैदानापासून सुरुवात करून पाण्याची टाकी, प्रयोगशाळा, ग्रंथालयाचं कपाट असं सगळं दाखवत वर न्यायच्या. आणि रिकाम्या वर्गांपुढं उभ्या राहून सांगायच्या, "ही नववी ब. ही नववी क, हितली पोरं जरा वांड हायत, पण गणितात हुशार." पालक आत डोकवायचा. धुळीचा कण नसलेली बाकं, पुसलेला फळा, माणूस कुणी नाही. "पोरं कुठायत, बाई?" "यायची हायत," बाई म्हणायच्या. ते इतकं सहज म्हणायच्या की मीसुद्धा एकदा जिन्याकडं वळून पाहिलं होतं.

त्या खोल्या पुसून लख्ख ठेवण्यामागं एक व्यवहारही होता. संस्थेच्या चेअरमनना वरचा मजला नव्या इंग्रजी शाळेसाठी हवा होता. जो वर्ग वापरात आहे तो घेता येणार नाही, असं कधीतरी सभेत ठरलं होतं, आणि बाईंनी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. त्यांनी वेळापत्रकच असं केलं की पोरं एका वर्गात बसायचीच नाहीत. मराठी या खोलीत, भूगोल पलीकडच्या, विज्ञान वर, हिंदी वरच्याच टोकाच्या खोलीत. तास संपला की दप्तरं उचलून सगळा वर्ग पुढच्या खोलीत. पोरं स्वतःला एस.टी. म्हणायची आणि घंटा झाली की कंडक्टरसारखी 'चला, चला' करत निघायची. आम्ही शिक्षक वैतागायचो, पण प्रत्येक खोलीत रोज माणसाचा आवाज व्हायलाच पाहिजे, यावर बाई अडून बसायच्या.

एकदा संस्थेचे एक पदाधिकारी वर्ग मोजायला आले. बाई त्यांना पुढच्या जिन्यानं शाळा दाखवत होत्या आणि मी बाईंच्या हुकुमावरून आठवीला मागच्या जिन्यानं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळवत होतो. साहेब जातील तिथं वर्ग भरलेला. बेत उत्तम होता, फक्त आठवीतल्या एका मुलीचा हात मोडला होता आणि तिच्या पांढऱ्या प्लॅस्टरचा आम्हा दोघांनाही विसर पडला होता. तिसऱ्या खोलीत साहेब तिच्यापुढं थांबले. म्हणाले, "बाई, तुमच्या शाळेत हात मोडायची साथ आलीया काय?" बाई म्हणाल्या, "सायेब, पडत्यात, उठत्यात, पण शाळा बुडवत न्हाईत." साहेब मनाचे बरे असावेत. त्यांनी चहा घेतला आणि काही न बोलता गेले. त्या वर्षापुरता मजला वाचला. बाई दुपारी त्या मुलीच्या प्लॅस्टरवर स्वतः सही करत होत्या, आणि त्यांना इतकं मनापासून हसताना मी नंतर फारसं पाहिलं नाही.

मे महिना म्हणजे पोरं शोधायचा महिना. हे आमच्या नोकरीतलं असं काम, की जे नेमणूकपत्रात नसतं. मुलं कमी झाली की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि जिल्ह्यात कुठंही फेकला जातो. त्यामुळे भर उन्हात आम्ही दारोदार फिरायचो. माझ्या गाडीवर मागं बाई. "आमच्या रक्तातच हाय दारोदार फिरणं," असं त्या म्हणायच्या. 'पोरगं आमच्या शाळेत घाला' असं त्या कधी म्हणत नसत. आधी पाणी मागायच्या. मग घरातल्या बाईला विचारायच्या, "तू शेवटच्या बाकावर बसायचीस न्हवं? खिडकीतनं चिंचा टाकायचीस खाली?" ती बाई लाजायची, सासू हसायची, चहा ठेवला जायचा. पोरगं मात्र मिळायचं नाही.

एका घरात तर बाईंची सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी निघाली. शाळेच्या वक्तृत्वाच्या ढाली हिनंच आणल्या होत्या. ती बाईंच्या पाया पडली, मुलाला बोलावून तिनं त्यालाही पडायला लावलं. मुलगा इंग्रजीतून 'गुड आफ्टरनून' म्हणाला. मग ती खाली बघत म्हणाली, "बाई, राग मानू नका. तुम्हीच सांगितलं होतं की जग बघ. म्हणूनच ह्येला तिकडं घातलाय." बाई म्हणाल्या, "राग कसला, बरोबर केलंस." आम्ही गाडीवर निघालो. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाल्या, "आजरेकर, आपण चांगलं शिकवलं की वाईट, हे कळंना झालंय बघा." सिग्नल सुटला, मी गाडी पुढं घेतली.

त्यानंतर तो पावसाळा आला. पंचगंगा पात्रात मावेना. नदीकाठच्या गावांतली माणसं ट्रॅक्टर, होड्या, जे मिळेल त्यातून बाहेर काढून शहरातल्या शाळांत आणली जात होती. आमच्या शाळेतही एक गावच्या गाव आलं. ओली गाठोडी, म्हातारी माणसं, तान्ही बाळं, स्टोव्ह, कोंबड्या. खालचा मजला भरला, मग वरचा उघडला. अ, ब, क सगळ्या खोल्या भरल्या. जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आणि बाई त्या गर्दीतून अशा फिरत होत्या, की जणू घरात लग्न असावं. कुणाला चादर, कुणाला औषध, कुणाला भाकरी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चक्क घंटा दिली. पोरं जमवली, बाकांवर बसवली आणि शिकवायला सुरुवात केली. नववी क मध्ये पोरं बसली होती, मागं त्यांच्या आया बसल्या होत्या, एक आजोबाही बसले होते. मी दारातून जात होतो. बाईंनी मला हातानं थांबवलं आणि वर्गाकडं बोट दाखवलं. त्यांचे डोळे भरले होते.

पाणी उतरायला लागल्याची बातमी आली त्या संध्याकाळी आम्ही वरच्या व्हरांड्यात उभे होतो. खोल्याखोल्यांतून पाढे, भांडी, रडणं, हसणं असा सगळा कालवा चालला होता. बाई तो ऐकत होत्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पाणी अजून चार दिवस ऱ्हाऊ दे, असं वाटतंय बघा." मी काही म्हणायच्या आत आमच्या पायाशी, भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी बोलली. "माझी म्हस दावणीला ऱ्हायली," ती म्हणाली. तिला हौसाक्का म्हणायचे. गडबडीत तिला होडीत घातलं तेव्हा म्हैस सोडायला वेळ मिळाला नव्हता. तिनं आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही, पण बाईंचा चेहरा मी विसरणार नाही. कुणी तोंडात मारावी तसा तो झाला. त्या खाली बसल्या, म्हातारीचा हात धरायला गेल्या आणि धरू शकल्या नाहीत. तशाच उठून खाली गेल्या.

माणसं गावी परतली. हौसाक्काची म्हैस दावणीलाच मेलेली सापडली, हे आम्हाला नंतर कळलं. शाळा परत पहिल्यासारखी झाली, पण बाई झाल्या नाहीत. वर जाणं त्यांनी सोडलं नाही, फक्त वरून आल्या की हात धुवायच्या, आणि पुन्हा धुवायच्या. एकदा शिक्षकखोलीत आम्ही दोघंच होतो तेव्हा म्हणाल्या, "मी देवाकडं पोरं मागत हुते, आजरेकर. खोल्या भरू देत म्हणत हुते. त्यानं भरल्या." मी म्हणालो, बाई, पाऊस काय तुम्ही पाडलात का? त्या म्हणाल्या, "पाडला न्हाय. पण मला आनंद झाला हुता. त्या म्हातारीनं ते ऐकलं." पुढच्या मे महिन्यात त्या माझ्या गाडीवर बसल्या नाहीत. मी एकटाच फिरलो.

जूनमध्ये आठवीची तुकडी राहते की जाते, हे अगदी एका मुलावर आलं. माझी नोकरी त्या तुकडीवर होती. बाईंना ते माहीत होतं, रोज विचारायच्या, "मिळालं का एखादं?" आणि एके दिवशी फाटकातून हौसाक्का आली. सोबत नात, दोन वेण्या घातलेली, सारिका नावाची. पुराच्या छावणीत बाईंपुढं बसलेली पोर. हौसाक्का म्हणाली, "बाई, हिला तुमच्याच शाळंत घालायची. दुसरं काय ऐकंनाच झालीया. माझ्या भाचीकडं ऱ्हाईल हितं." मला उभ्या उभ्या पाणी प्यावंसं वाटलं. तुकडी वाचली होती, मी वाचलो होतो.

बाईंनी दोघींना बसवलं. चहा मागवला. पोरीच्या वेणीवरून हात फिरवला. मग विचारलं, "आक्का, तुमच्या गावात हायस्कूल हाय न्हवं?" "हाय की. पण तिथं पोरंच न्हाईत. बंद पडंल म्हणत्यात." बाई म्हणाल्या, "मग हिला तिथंच घाला." हौसाक्काला वाटलं बाई चेष्टा करतायत. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं, अगदी मऊ आवाजात, आणि त्या म्हातारीकडं बघायचं टाळत. पोरगी रडायला लागली. हौसाक्का उठली, पदर सावरला, चहा तसाच ठेवला आणि नातीला घेऊन गेली. ज्या बाई आख्खं उपनगर पोरांसाठी तुडवत होत्या, त्यांनी दारात चालत आलेली पोर परत पाठवली.

मी त्या दिवशी बाईंना बोलू नये ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ती शाळा मारून आपली जगवायची व्हय, आजरेकर? तिथंबी कोणतरी तुमच्यासारखाच मास्तर मोजत बसला असंल." हौसाक्कानं तसाच ठेवलेला चहा उचलत म्हणाल्या, "आणि त्या म्हातारीकडनं मी कुठल्या तोंडानं काय घेऊ?" मी दार आपटून बाहेर पडलो. तुकडी गेली. मी अतिरिक्त ठरलो.

अतिरिक्त शिक्षकांच्या समायोजनाच्या दिवशी इतर शाळांतल्या रिकाम्या जागा वाचून दाखवतात आणि आपण एक निवडायची असते. माझ्या पाळीला आजऱ्याजवळची, माझ्या घराजवळची एक जागा शिल्लक होती. सगळ्यांना वाटलं मी तीच घेणार. मी नदीकाठच्या त्या गावाचं नाव घेतलं. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. राग उतरला होता आणि बाई डोक्यातून जात नव्हत्या एवढंच. पहिल्या दिवशी आठवीच्या वर्गात शिरलो तर पहिल्या बाकावर सारिका होती. ती शाळा आजही चालू आहे. पोरं थोडी आहेत, पण आहेत.

बाई पुढं निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्या एकच वाक्य बोलल्या, की वरच्या खिडक्या रोज उघडत जा. पुढच्या वर्षी वरचा मजला गेला, आणि त्यानंतर खालचाही. आता तिथं काचेची दारं आहेत आणि फाटकावर पहारेकरी. मी कधी त्या रस्त्यानं गेलो तर वर बघत नाही. मला भीती वाटते की एखाद्या खिडकीत बाई उभ्या असतील आणि मला हातानं थांबवतील.

मी त्यांच्या घरी जात राहिलो. त्या पहिली चौकशी सारिकाची करायच्या, मग आवाज खाली आणून विचारायच्या, "आणि म्हातारी? म्हस घेतली का दुसरी?" न्हाय घेतली, मी सांगायचो. त्या मान हलवायच्या. मी अनेकदा म्हणालो, बाई, चला की एकदा गावात, गाडीवरून नेतो. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "तिला कसं तोंड दाखवू?" गेल्या हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या. माती द्यायला आम्ही जुने शिक्षक होतो, आणि अनोळखी वाटणारी पुष्कळ माणसं होती. ती सगळी त्यांची पोरं होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी हौसाक्काला सांगायला गेलो. ती रिकाम्या गोठ्याच्या तोंडाशी बसली होती. ऐकून तिनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "लई मोठी बाई. पर मला तिनं दारातनं परत लावलं. तिचंबी बरोबरच हाय म्हणा. मुकं जनावर बांधून पळून आलेली मी. माझी नात कोण घील?"

मला ते कळायला वेळ लागला. मी म्हणालो, "आक्का, त्यासाठी नव्हतं ते. त्या संध्याकाळी व्हरांड्यात बाई जे बोलल्या, ते तुम्ही ऐकलंत म्हणून त्या तुम्हाला भीत होत्या."

"काय बोलली?"

मी सांगितलं.

"मी कुठं काय ऐकलं," ती म्हणाली. "मला नुसतं म्हशीचं हंबरणं ऐकू यायचं तवा. सगळ्यास्नी त्येच सांगत बसलेली मी. आजून येतंय ऐकू." मग तिनं विचारलं, "आन् ती त्येच्यापायी झुरली व्हय एवढी वर्सं?"

"होय."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. अंधार पडायला लागला होता.

"मास्तर, एकदा आणायचीस की रं तिला," ती म्हणाली. "हितं बसलो असतो दोघी."

बाईंच्या घरापासून हौसाक्काच्या गावाला थेट शहर बस आहे. मी रोज त्याच बसनं शाळेत जातो.